कागदावर लिहावयाचे राहून गेलेले एक नाव

वीस-बावीस वर्षांपूर्वी एक निवृत्त जवान आपल्या पत्नीसह माझ्या दवाखान्यात आला होता. पोटात असह्य कळा, हातांना कंप, तोंडाला दारूचा दर्प. त्याला रुग्णालयात दाखल करण्यासाठी मी चिठ्ठी लिहू लागलो, तेव्हा ती माउली हात जोडून म्हणाली, ‘‘डॉक्टरसाहेब, कागदावर दारूचं नाव नका हो घालू. मुलीचं लग्न ठरतंय.’’ मला तिची दया आली. मी ‘जठरदाह’ एवढेच लिहिले.

दुसऱ्या रात्री तो गृहस्थ भ्रमिष्टासारखा बडबडू लागला, सलाइनची नळी उपटून पळू लागला. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाल्याने हे होत आहे, हे तेथील डॉक्टरांना कळावयास पहाट उजाडली. कारण तो रोज पितो हेच त्यांना ठाऊक नव्हते. तो वाचला, पण माझ्या त्या एका शब्दाने त्याचा जीव धोक्यात घातला होता. ही बोच अद्याप गेलेली नाही. म्हणूनच आज आपणास अमेरिकेतील एका दिवंगत सैनिकाची ओळख करून द्यावीशी वाटते.

हॅरॉल्ड ह्यूज यांचा जन्म १९२२ साली आयोवा राज्यातील आयडा ग्रोव्ह या लहानशा गावी झाला. दुसऱ्या महायुद्धात ते उत्तर आफ्रिका, सिसिली आणि इटली येथील आघाड्यांवर लढले. परतल्यावर ट्रक चालवून संसार करू लागले, परंतु दारूने त्यांना पुरते ग्रासले होते. दिलेली वचने मोडत, घरच्यांच्या नजरा चुकवत अखेर १९५२ साली आयुष्य संपविण्याच्या विचारापर्यंत ते पोहोचले. त्या रात्री ते थांबले आणि तेथूनच त्यांची परतीची वाट सुरू झाली. ती वाट सरळ नव्हती. १९५४ मध्ये त्यांचा पाय पुन्हा घसरला. ते पुन्हा सावरले. पुढे त्यांनी स्वतःच्या गावी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा गट उभा केला.

१९६२ मध्ये ते आयोवाचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. दोन वर्षांनंतरच्या निवडणुकीत प्रतिस्पर्ध्याने त्या १९५४ च्या घसरणीचा जाहीर उच्चार केला. ह्यूज यांनी ती लपविली नाही. आपण मद्यासक्त आहोत हे सर्वांसमक्ष मान्य केले. मतदारांनी त्यांना मोठ्या मताधिक्याने पुन्हा निवडून दिले.

१९६९ मध्ये ते सिनेटवर गेले आणि मद्यासक्ती व अमली पदार्थ या विषयावरील उपसमितीचे अध्यक्ष झाले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यासक्तीला आजार मानले त्याला तेव्हा तेरा वर्षे झाली होती, तरी अनेक रुग्णालयांची दारे अशा रुग्णांना बंदच होती. त्याच्याही पूर्वी, १९३९ साली, ओहायोतील अ‍ॅक्रन येथे सिस्टर इग्नेशिया यांनी अशा रुग्णाला ‘तीव्र जठरदाह’ असे लिहून दाखल करून घेतले होते. हे वाचले तेव्हा मला माझी चिठ्ठी आठवली. तेथे दार उघडावे म्हणून तो शब्द लिहावा लागला होता. मी मात्र लोकलज्जेपायी लिहिला होता.

ह्यूज यांच्या पुढाकाराने झालेल्या कायद्यावर ३१ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची स्वाक्षरी झाली. त्यातून मद्यासक्तीच्या संशोधनासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि राज्यांना उपचारसेवांसाठी निधी मिळू लागला. सरकारी निधी घेणाऱ्या सर्वसाधारण रुग्णालयांना केवळ मद्यासक्त म्हणून रुग्ण नाकारण्यास मनाई झाली. रुग्णाच्या नोंदी गोपनीय राखण्याचे बंधनही आले. २३ ऑक्टोबर १९९६ रोजी ह्यूज यांचे निधन झाले. ‘ह्यूज अ‍ॅक्ट’ या नावाने तो कायदा आजही ओळखला जातो.

आपल्याकडेही वाट आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश मानसिक आजारांत केला आहे. मात्र घरातील संकोच कोणताही कायदा दूर करू शकत नाही. ते काम आपले आहे.

त्यासाठी काही गोष्टी ध्यानात ठेवा. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी तोडू नका. काही तासांतच कंप, घाम, अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होऊ शकतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे व थायमिन हे जीवनसत्त्व देऊन ही अवस्था सुरक्षितपणे पार करता येते. रुग्णाच्या नकळत चहा-भाजीत मिसळावयाच्या पुड्यांच्या जाहिरातींना भुलू नका. त्यांतील काही द्रव्यांवर दारू पोटात गेल्यास जिवावर बेतते, शिवाय विश्वास तुटतो तो वेगळाच. शस्त्रक्रिया असो वा ताप, कोणत्याही कारणाने दाखल करताना किती व किती वर्षे पितात ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आणि पुन्हा एकदा पाय घसरला तर सारे संपले असे समजू नका. मधुमेही माणसाची साखर वाढली म्हणून आपण त्याचे उपचार थांबवितो का?

व्यसनमुक्तीच्या मार्गदर्शनासाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. जगणे नकोसे वाटत असल्यास टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र बोलता येते.

त्या जवानाच्या मुलीचे लग्न यथावकाश पार पडले. वधूपिता म्हणून तो मांडवात उभा होता, शुद्धीत आणि ताठ मानेने. उपचारांसाठी त्याला पुन्हा दाखल करताना मी चिठ्ठीवर आजाराचे खरे नाव लिहिले होते. त्या वेळी त्याच्या पत्नीने मला अडविले नाही.