जुन्या व्हॅनचे बोनेट उघडत नसेल तर

भोसरी-मोशीकडून चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळीच्या कंपन्यांत कामगारांची ने-आण करणाऱ्या जुन्या व्हॅनमध्ये एक दुखणे वारंवार दिसते. आतला खटका ओढला तरी बोनेट उघडत नाही. गाडी चालते, ब्रेक लागतात, दिवे लागतात, म्हणून दुरुस्ती पुढे ढकलली जाते. पण बोनेट बंद राहिले की रोज सकाळी ऑइलची पट्टी पाहणे थांबते, रेडिएटरमधले पाणी पाहणे थांबते, फॅन बेल्टला गेलेली चीर कुणाला दिसत नाही. मग पुणे-नाशिक महामार्गावर तळेगाव चौकाच्या कोंडीत गाडी पहिल्या गियरमध्ये रांगत असताना तापमानाचा काटा वर चढतो, आणि त्याही वेळी बोनेट बंदच असते. एका केबलपायी इंजिनचे हेड गेलेल्या गाड्या इथल्या गॅरेजमध्ये येतात. म्हणून आपल्या गाडीचा खटका नुसता अडू लागला असेल, तरी हे काम आजच हाती घ्यावे.

या भागात जुनी व्हॅन म्हणजे बहुधा टेम्पो ट्रॅव्हलर. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, मर्सिडीज-बेंझच्या टी-१ या व्हॅनवरून ती घडवली आणि १९८७ साली बाजारात आणली. तिच्याखालोखाल २००७ साली आलेली टाटा विंगर. दोन्हींना पुढे आखूड नाक आणि त्यावर बोनेट आहे. पुढे दिलेली रीत अशा गाड्यांसाठी आहे. मारुतीच्या ओम्नी आणि ईकोमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असते, त्यामुळे तिथे हा प्रश्न या रूपात येत नाही.

आधी यंत्रणा समजून घेऊ. डॅशबोर्डखाली खटका असतो. त्याला जोडलेली केबल इंजिनाच्या बाजूने पुढे जाते आणि रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीवर बसवलेल्या लॉकला मिळते. बोनेटच्या आतल्या बाजूला लोखंडी खुंटी किंवा कडी असते, तिला स्ट्रायकर म्हणतात. बोनेट आपटले की स्ट्रायकर लॉकमध्ये शिरतो आणि लॉकची जीभ त्याला पकडते. खटका ओढला की केबल ती जीभ बाजूला सारते, आणि स्प्रिंग बोनेटला बोटभर वर उचलते.

याशिवाय एक सेफ्टी हूक असतो. बोनेट वर उचलले गेल्यावर फटीत बोटे घालून जो हूक आपण सरकवतो, तोच हा. लॉक चालत्या गाडीत सुटले तर बोनेट काचेवर आपटू नये म्हणून तो ठेवलेला असतो. या लेखात तो पुन्हा येणार आहे.

केबलचे दोन भाग असतात. आत पोलादी तारांचा पिळलेला दोर, त्याला इनर म्हणतात. बाहेर गुंडाळलेल्या तारेची आणि प्लॅस्टिकची नळी, तिला आउटर म्हणतात. अशा केबलला बाउडन केबल म्हणतात. अर्नेस्ट बाउडन यांनी १८९६ साली तिचे पेटंट घेतले. सायकलच्या ब्रेकची तार याच जातीची. तिचे सगळे गणित एका गोष्टीवर चालते : आउटर दोन्ही टोकांना घट्ट जखडलेला हवा, आणि इनर त्याच्या आत मोकळा सरकायला हवा. आउटर ढिला झाला की खटका ओढल्यावर इनरऐवजी तोच वाकतो आणि लॉकपर्यंत ओढ पोचत नाही. तार शाबूत असताना केबल तुटली असे समजून नवी आणली जाते, ती बहुतेक वेळा याच कारणाने.

आता निदान. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, इंजिन गार होऊ द्या, चावी काढून खिशात ठेवा. बॅटरी बऱ्याचदा बोनेटखालीच असते, म्हणून ती सोडवता येणार नाही. निदान चावी तरी आपल्याजवळ हवी. मग खटका सावकाश ओढा आणि हाताला काय लागते ते पाहा.

खटका सैल, काहीच ओढत नसल्यासारखा येत असेल, तर इनर तुटला आहे किंवा त्याच्या टोकाचा धातूचा मणी, म्हणजे निपल, निसटला आहे. खटका कडक लागत असेल आणि जागचा हलत नसेल, तर लॉक गंजले आहे किंवा धूळ आणि ग्रीस मिळून घट्ट झाले आहे. आणि खटका नेहमीसारखा येतो, थोडी ओढही जाणवते, पण बोनेट उसळत नाही, असे असेल तर आउटर जागचा सुटला आहे किंवा बोनेटच लॉकवर दाबून बसले आहे. या तिसऱ्या खुणेवर लोक सर्वांत जास्त फसतात आणि जोर लावून खटका मोडतात. खटका प्लॅस्टिकचा असतो. तो मोडला की साधे काम दुप्पट होते.

पहिला उपाय दोन माणसांचा. एकाने बोनेटच्या पुढच्या कडेवर, बरोबर लॉकच्या वर, दोन्ही तळवे ठेवून खाली दाबायचे. त्याच क्षणी दुसऱ्याने खटका ओढून धरायचा. मग पहिल्याने हात उचलायचे. दाबल्याने जिभेवरचा ताण सुटतो आणि ताणलेली किंवा थोडी ढिली केबलही तिला सरकवू शकते. दाब तळव्याने द्या, मुठीने मारू नका; जुना पत्रा पोचतो. दहा वेळा सबुरीने करून पाहिल्याशिवाय पुढच्या पायरीकडे जाऊ नये.

त्याने झाले नाही तर खटक्याकडे जा. टॉर्च लावून डॅशबोर्डखाली पाहा. निपल खटक्याच्या खाचेतून निसटलेला असेल तर तो परत बसवला की काम झाले. खटका मोडला असेल किंवा निपल गेला असेल, पण तारेचे टोक दिसत असेल, तर ते पकडीत धरा. एका हाताने आउटर घट्ट धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने तार सरळ रेषेत ओढा. आउटर धरला नाही तर ओढ वाया जाते. तारेचे पीळ सुटायला लागले असतील तर व्हाइस ग्रिप, म्हणजे दाबून कुलूपबंद होणारी पकड, वापरा. साधी पकड घसरते आणि एकेक तंतू तोडत जाते.

तार आत कुठेतरी तुटली असेल तर पुढच्या बाजूने जावे लागते. काही गाड्यांची ग्रिल, म्हणजे पुढची जाळी, बाहेरून स्क्रू काढून सुटते. काहींचे स्क्रू बोनेट उघडल्यावरच दिसतात. सुटत नसेल तर जाळीच्या फटीतून टॉर्च टाका, लॉक नेमके कुठे आहे आणि जीभ कोणत्या बाजूला सरकते ते आधी पाहून घ्या, आणि मगच लांब स्क्रू ड्रायव्हर किंवा टोक वाकवलेली जाड तार आत घाला. अंदाजाने खुपसू नका. लॉकच्या मागेच रेडिएटरची पातळ जाळी असते, आणि तिला पडलेले भोक केबलपेक्षा कितीतरी महाग पडते. हात घालायचा असेल तर रेडिएटरवर आधी जाड पुठ्ठा सरकवा.

आणखी एक वाट आहे. केबलचा आउटर पुढच्या चाकाच्या कमानीतून किंवा खालून दिसत असेल, आणि तार खटक्याच्या बाजूला तुटली असेल, तर आउटर त्या जागी जपून कापा. आतली तार उघडी पडली की ती पकडीने ओढता येते. केबल नाहीतरी बदलायचीच आहे. खालून काम करताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली कधीही शिरू नका. स्टँड आणि चाकांना लाकडी ठोकळे असतील तरच शिरा. काही ट्रॅव्हलरमध्ये केबिनच्या आतून इंजिनवरचे झाकण काढता येते. तिथून लॉक हाताला लागत नाही, पण केबलचा मार्ग पाहता येतो, आणि ऑइल तपासण्याची तात्पुरती सोय होते.

बोनेट उघडले की लगेच बंद करू नका. ही सगळ्यांत नेहमीची चूक आहे : उघडल्याच्या आनंदात एक नजर टाकून बोनेट आपटले जाते, आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. टेकूची दांडी नीट लावा. दुरुस्ती संपेपर्यंत बोनेट उघडेच राहील अशी वेळ निवडा, म्हणजे पाळीच्या फेरीआधीची घाई नको.

आता लॉक साफ करा. चाकणच्या रस्त्यांवर कंटेनर उडवतात ती धूळ आणि पावसाळ्यातला चिखल थेट जाळीतून लॉकवर येतो, जुन्या ग्रीसमध्ये मिसळतो आणि वाळून दगड होतो. रॉकेल किंवा डिझेल आणि जुना टूथब्रश घेऊन तो सगळा काढा. पेट्रोल वापरू नका. गंजावर फवाऱ्याचे पातळ तेल मारले तर जीभ सुटते, पण तेवढ्यावर थांबू नका. ते तेल काही दिवसांत उडून जाते. पुसून कोरडे झाल्यावर जिभेच्या खिळ्यावर आणि स्प्रिंगवर ग्रीसचा पातळ हात द्या. ढीगभर ग्रीस लावले तर ते पुन्हा धूळ धरते.

केबल बदलायची असेल तर जुनी पूर्ण काढण्याआधी तिच्या एका टोकाला मजबूत सुतळी बांधा आणि मग दुसऱ्या बाजूने ओढा. सुतळी जुन्या मार्गात राहते, आणि तिच्याच मागे नवी केबल आणता येते. हे विसरले तर डॅशबोर्डच्या मागे हात घालून तासभर चाचपडावे लागते. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीत जिथून केबल येते, तिथे रबराची कडी असते, तिला ग्रोमेट म्हणतात. ती फाटली असेल तर नवी घाला. पत्र्याची उघडी धार आउटर कापते आणि त्या भोकातून पाणीही आत येते.

नवी केबल निवडताना जुनी सोबत न्या. इनर आणि आउटर दोन्हींची लांबी जुळायला हवी. कंपनीची मिळाली नाही, तर केबल बनवून देणारे लोक जुनी पाहून तशी करून देतात. लॉकच झिजले असेल तर जुने, चांगल्या स्थितीतले लॉक भंगारात शोधण्याची इथे रीत होती. पण चिखली-कुदळवाडीतली भंगाराची असंख्य गोदामे फेब्रुवारी २०२५मधल्या महापालिकेच्या कारवाईत पाडली गेली, त्यामुळे ती वाट पूर्वीसारखी सोपी राहिलेली नाही. पुण्यात नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकाने आहेत. जुन्या भागांसाठी रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो. जुने लॉक घेताना जीभ बोटाने दाबून सोडून पाहा. ती झटकन परत आली पाहिजे. आळसावलेली स्प्रिंग घेऊ नका.

केबल बसवताना तिला तीव्र वळण देऊ नका आणि एक्झॉस्टच्या गरम नळीपासून लांब ठेवा. आउटरच्या दोन्ही टोकांच्या क्लिप घट्ट बसल्या आहेत ना, ते हाताने हलवून पाहा. मग इनर जोडा. खटक्याला दोन-तीन मिलिमीटर ढिलाई असू द्या. तार अगदी ताठ केली तर जीभ अर्धवट ओढलेली राहते, आणि हे न उघडण्यापेक्षा वाईट. गाडी पळताना बोनेट सुटू शकते.

लॉकचे बोल्ट सोडायची वेळ आली तर आधी त्याच्या कडेभोवती मार्करने रेघ मारा. लॉक एवढेसेसुद्धा सरकले तर स्ट्रायकर समोर येत नाही. बोनेट दाबून बसत असल्यास कडेचे रबरी गुटके तपासा. ते झिजले की बोनेट खाली बसते, लॉकवर ताण येतो आणि नवी केबलही थोड्याच दिवसांत ताणली जाते.

आता चाचणी, पण बोनेट उघडे असतानाच. स्क्रू ड्रायव्हरची दांडी स्ट्रायकरसारखी लॉकमध्ये दाबा, जीभ अडकू द्या, आणि दुसऱ्या माणसाला खटका ओढायला सांगा. दांडी सुटली पाहिजे. चार-पाच वेळा करा. प्रत्येक वेळी सुटली, तरच बोनेट हातभर उंचीवरून सोडून बंद करा. मग खटका ओढा, आणि बोनेट वर आल्यावर सेफ्टी हूक न सरकवता ते उचलून पाहा. उचलले गेले, तर हूक काम करत नाही आणि गाडी रस्त्यावर नेण्याजोगी नाही. बोनेट दोरीने किंवा तारेने बांधून फेऱ्या मारणाऱ्या गाड्या आपण पाहिल्या असतील. मागे माणसे बसलेली असताना असे करू नये. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेससाठी उभे राहावे लागते, तिथेही बांधलेले बोनेट अंगाशी येते.

बोनेट उघडे आहे तोवर एक सोय करून ठेवा. लॉकच्या जिभेला पातळ पोलादी तारेचा एक जादा तुकडा जोडा, फॅन आणि बेल्टपासून लांब ठेवून खाली आणा आणि बंपरच्या मागे, बाहेरून दिसणार नाही अशा ठिकाणी त्याची कडी अडकवा. सायकलच्या ब्रेकची आतली तार याला पुरते. पुढे कधी केबल तुटली, तर तीच कडी ओढून बोनेट उघडते. कडी कुठे आहे ते पाळीच्या दोन्ही ड्रायव्हरांना दाखवून ठेवा.