कार्डात बसवलेली स्वाक्षरी

तुमच्यापैकी काहींच्या कपाटात स्वाक्षऱ्यांची वही नक्की असेल. अमेरिकेतल्या मुलांकडे तिच्या जोडीला बेसबॉलच्या कार्डांचा गठ्ठा असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडे सिगारेटच्या पाकिटात खेळाडूंची चित्रे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे घालू लागले. पाकीट चेपू नये हा एक हेतू, आणि गिऱ्हाइकाने पुन्हा तेच पाकीट मागावे हा दुसरा! पुढे ही कार्डे च्युइंग गमबरोबर मिळू लागली. टॉप्स कंपनीच्या १९५२ सालच्या प्रसिद्ध संचात चित्राबरोबर खेळाडूची सहीसुद्धा होती. पण ती छापलेली. खरी सही कार्डातच बसवण्याची पद्धत गेल्या शतकाच्या शेवटी रूढ झाली. बेब रूथसारखा खेळाडू १९४८ मध्येच वारला, त्याची नवी सही आता कोठून आणणार? म्हणून त्याने सही केलेले जुने चेक, पत्रे, वहीची पाने विकत घ्यायची, सहीपुरता तुकडा कापायचा आणि कार्डाच्या दोन थरांमध्ये, छोट्या खिडकीमागे तो बसवायचा.

माझा भाचा न्यू जर्सीत राहतो. त्याने असे एक कार्ड घरी तयार केले. गावातल्या कॉलेजच्या संघातील एका खेळाडूची सही त्याने चिठ्ठीवर घेतली होती. खेळाडूचा फोटो चकचकीत फोटो-कागदावर छापला, त्याला खिडकी कापली, मागे सहीची चिठ्ठी गोंदाने पूर्ण चिकटवली आणि पाठीला खाऊच्या खोक्याचा पुठ्ठा लावला. कार्ड झकास दिसत होते म्हणे. जूनमध्ये तो ते घेऊन रत्नागिरीला आमच्याकडे आला. चार दिवस पाऊस कोसळला आणि पाचव्या दिवशी कार्ड भाजलेल्या पापडासारखे वळले. सहीवर सुरकुत्या पडल्या होत्या. "मामा, मी तर सगळे नीट चिकटवले होते!" तो रडवेला होऊन म्हणाला.

नीट चिकटवले होते, तेथेच तर गोम होती.

द्विधातू पट्टीचा प्रयोग तुम्ही शाळेत पाहिला असेल. पितळ आणि लोखंड यांच्या पट्ट्या एकमेकींना जखडून तापवल्या की पितळ जास्त प्रसरण पावते, लोखंड कमी, आणि जोडपट्टी वाकते. पितळ बाहेरच्या बाजूला येते. आता उष्णतेच्या जागी बाष्प घाला, म्हणजे भाच्याचे कार्ड झाले. फोटो-कागदावर प्लॅस्टिकचा लेप असतो, तो पाणी सहज आत घेत नाही. पाठीचा पुठ्ठा मात्र हवेतले बाष्प शोषून फुगला. पाठ लांबली, तोंड तेवढेच राहिले. मग कार्ड कोणत्या बाजूला वळेल, सांगा पाहू? फोटोच्या बाजूला. तसेच ते वळले होते.

यात आणखी एक गंमत आहे. कागद म्हणजे वनस्पतींच्या बारीक तंतूंची गादी. भिजल्यावर तंतू लांबीत अगदी थोडा वाढतो, जाडीत मात्र कितीतरी पट अधिक. यंत्रावर कागद तयार होताना लगदा धावत्या जाळीवर पडतो आणि बरेचसे तंतू जाळीच्या धावण्याच्या दिशेने आडवे होतात. म्हणून असा कागद ओलाव्याने एका दिशेला कमी आणि दुसऱ्या दिशेला जास्त वाढतो. हे तपासायला प्रयोगशाळा नको. वहीच्या पानाचा एक चौकोनी तुकडा घ्या आणि एकाच बाजूने ओल्या बोळ्याने पुसा. तुकडा नळीसारखा वळेल. त्या नळीचा अक्ष ज्या दिशेला, ती तंतूंची दिशा. हातकागदात असे होत नाही, कारण तेथे कारागीर लगद्याची चौकट हलवतो आणि तंतू सर्व दिशांना पसरतात.

तेव्हा आम्ही मामा-भाच्यांनी कार्ड नव्याने करायला घेतले. माप तेच ठेवले, अडीच इंच गुणिले साडेतीन इंच. टॉप्सने १९५७ मध्ये हे माप घेतले आणि पुढे तेच रूढ झाले. थर मात्र तीन केले. पुढचा थर खिडकीचा, मागचा सलग, आणि मधला एका पोकळ चौकटीचा. मधल्या चौकटीतली पोकळी सहीच्या चिठ्ठीपेक्षा चारी बाजूंनी एक-एक मिलिमीटर मोठी ठेवली, आणि पुढची खिडकी चिठ्ठीपेक्षा थोडी लहान, म्हणजे चिठ्ठी बाहेर पडत नाही. जुन्या रेल्वेमार्गात दोन रुळांमध्ये फट ठेवत, तीच ही युक्ती. चिठ्ठीला फुगायला जागा मिळाली की सुरकुती पडायचे कारणच उरत नाही. तिन्ही थर एकाच हातकागदाचे घेतले, त्यामुळे पुढची आणि मागची बाजू सारखीच वाढते. फोटोही साध्या कागदावर छापून घेतला; मग पाठीलाही त्याच कागदाचा तेवढाच तुकडा लावला आणि दोन्हीतील तंतूंची दिशा एकच ठेवली. त्या पाठीवर खेळाडूची माहिती लिहिली.

आता गोंद. येथे मला माझी स्वतःची एक फजिती सांगितली पाहिजे. मी आठवीत असताना एका नामवंत क्रिकेटपटूची सही मला मिळाली होती, बॉलपेनने केलेली. ती कायम राहावी म्हणून मी तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली! पट्टीचा डिंक रबराच्या जातीचा होता. हवेतील ऑक्सिजनने तो आधी पातळ, चिकचिकीत झाला, कागदात मुरला आणि नंतर पिवळा पडून कडक झाला. बॉलपेनच्या शाईतले रंग तेलकट द्रावणात असतात. ते त्या डिंकात पसरले. आज त्या पानावर एक तपकिरी पट्टा आणि त्यात निळसर ढग आहे. सही कोणाची होती हे मी सांगतो म्हणून लोक मानतात.

म्हणून नियम एकच केला: सहीच्या कागदाला गोंद लावायचाच नाही. चिठ्ठी पोकळीत नुसती बसते. गोंद फक्त तीन थरांच्या कडांना, आणि तोही मैद्याची खळ. सुताराचा पांढरा गोंद अधिक घट्ट धरतो हे खरे, पण उद्या कार्ड उघडायचे झाले तर तो कागद फाडूनच सुटतो. खळ ओलसर केली की सुटते. बाइंडर लोक किडीसाठी खळीत मोरचूद घालत. आपण घालायचे नाही. ते विषारी आहे, आणि तांब्याचे क्षार कागदाची झीज वेगाने करतात. मोरचूद नसल्यामुळे कसर लागण्याची भीती राहते, तेव्हा कार्ड कोरड्या, बंद डब्यात ठेवावे. खोक्याचा पुठ्ठाही सहीजवळ नको. त्यात लिग्निन आणि आम्ल असते. जुने वर्तमानपत्र पिवळे आणि ठिसूळ होते ते यांच्यामुळेच. बाहेरच्या वेष्टणाला मऊ, वासाचे पीव्हीसी वापरू नये, कारण त्याला मऊ ठेवणारा तेलकट पदार्थ बाहेर झिरपतो आणि शाईला चिकटतो. पॉलिप्रॉपिलीनची पिशवी चांगली.

इतके करून भाच्याने कार्ड खिडकीत, उन्हात मांडले! मी ते उचलले आणि त्याला गणित घातले. कार्बनचे दोन अणू जोडणारा एकेरी बंध तोडायला सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. ३४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशकणाकडे जवळजवळ तितकीच ऊर्जा असते. ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्या कणाकडे ३.१ असते, ती बंध थेट तोडायला कमी पडते, पण रंगाचा रेणू तिने उत्तेजित होतो आणि ऑक्सिजनशी संयोग पावायला तयार होतो. म्हणून खिडकीच्या काचेने बरेचसे अतिनील किरण अडवले तरी सही फिकी पडतच राहते. चिनी शाईतला काळा रंग कार्बनचा असतो, तो उन्हाला दाद देत नाही. घरी पाहायचे असेल तर एका कागदावर बॉलपेन, स्केचपेन आणि चिनी शाई यांनी रेघा मारा, अर्धा भाग काळ्या कागदाने झाका आणि महिनाभर उन्हात ठेवा.

कापण्याबद्दलही थोडे बोलू. १९९९ मध्ये अपर डेक कंपनीने बेब रूथची एक खरी बॅट विकत घेतली आणि तिचे तुकडे करून कार्डांत बसवले. पुष्कळ लोकांना ते रुचले नाही, आणि माझे मतही त्यांच्याच बाजूचे आहे. पत्रातून सही कापली की तारीख गेली, मजकूर गेला, सही खरी आहे हे ठरवण्याचे निम्मे पुरावे गेले. आणि खोट्या सह्यांचा धंदा काही लहान नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एफबीआयला त्यासाठी 'ऑपरेशन बुलपेन' ही मोहीम काढावी लागली होती. तुमच्याकडे आजोबांच्या वेळची स्वाक्षऱ्यांची वही असेल तर तिला कात्री लावू नका. कार्ड करायचेच असेल तर आधी कोरी चिठ्ठी कापा आणि खेळाडूला तिच्यावर सही करायला सांगा. कार्डाच्या पाठीवर 'घरी तयार केलेले' असे लिहा, खाली तारीख घाला.

सही हाताची की छापलेली, हे ओळखायची सोपी रीत आहे. अंधाऱ्या खोलीत टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरा आणि भिंगातून पाहा. बॉलपेनने दाबून केलेल्या सहीला चर असतो, त्याची सावली दिसते. रंगीत छपाईतील सही बहुधा ठिपक्यांची निघते.

नवे कार्ड आम्ही रात्रभर ओल्या कापसाबरोबर डब्यात कोंडले, जुनेही शेजारी ठेवले. सकाळी दोन्ही टेबलावर ठेवली. जुन्याच्या कडा बोटभर उचलल्या होत्या. नव्याचा एकच कोपरा, नखाच्या जाडीएवढा. तो का, यावर भाचा आणि मी अजून पत्रातून वाद घालतो आहोत. मला संशय आहे की त्या कोपऱ्याला त्याने खळ जास्त लावली.