कॅम्पर ट्रकचे सस्पेन्शन बदलण्याआधी वजनकाटा गाठा

ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडील किंबर्ली प्रदेशातून जाणारा गिब रिव्हर रोड सुमारे ६६० किलोमीटर लांबीचा आहे. गुरांच्या वाहतुकीसाठी तयार झालेल्या या रस्त्याचा मोठा भाग आजही कच्चा असून, कोरड्या मोसमात त्यावर पाठीवर घर घेतलेले फोर व्हील ड्राइव्ह ट्रक दिसतात. झोपण्याची जागा, स्वयंपाकघर, पाणी आणि इंधन असे सर्व काही या ‘कॅम्पर’मध्ये असते. अशा आडवाटेवर पाटा तुटला, तर वाहनाबरोबर घरही जागीच थांबते आणि दुरुस्तीची कार्यशाळा कित्येक किलोमीटर दूर असते. त्यामुळेच या ट्रकच्या मालकांचा पहिला मोठा खर्च बहुधा सस्पेन्शनवर होतो. मात्र, हा खर्च नेमका कशासाठी करायचा, याबाबत गैरसमज बरेच आहेत.

मूळ पाटे कडक का?

ऑस्ट्रेलियात अशा कॅम्परसाठी प्रामुख्याने फुसो कँटर आणि इसुझू एनपीएस हे जपानी बनावटीचे हलके ट्रक वापरले जातात. दोन्हींच्या मुळाशी मालवाहू ट्रक आहे. मालवाहू ट्रक सकाळी भरलेला, तर संध्याकाळी रिकामा असतो. दोन्ही स्थितींत तो नीट चालावा, म्हणून त्याचे पाटे कडक ठेवलेले असतात.

कॅम्पर मात्र कधीच रिकामा होत नाही. पाण्याची २०० लिटरची टाकी संपली तर २०० किलो, आणि डिझेलची ३०० लिटरची टाकी संपली तर सुमारे २५० किलो, एवढाच फरक पडतो. घराचे वजन कायम राहते. म्हणजेच या ट्रकचे पाटे जवळपास एकाच ठरावीक भाराला अनुरूप बनविता येतात. सस्पेन्शन सुधारण्यातील सर्वांत मोठी संधी हीच आहे.

पाटा भाराखाली किती दबतो, यावर वाहनाची उसळी ठरते. सम प्रमाणात दबणारा पाटा वाहनाच्या वजनाने पाच सेंटिमीटर दबत असेल, तर वाहन सेकंदाला साधारण २.२ वेळा वरखाली होते. तोच दहा सेंटिमीटर दबला, तर हे प्रमाण १.६ वर येते आणि प्रवास स्पष्टपणे सुखावह होतो. अर्थात, दबण्यासाठी आणि पुन्हा सुटण्यासाठी तेवढी मोकळी जागाही ठेवावी लागते.

पॅराबोलिक पाट्यांचा फायदा

पारंपरिक रचनेत अनेक पातळ पाटे एकावर एक घट्ट बसविलेले असतात. त्यांच्यातील घर्षणामुळे लहान धक्क्यांना पाटे दादच देत नाहीत आणि तो धक्का थेट चासीत जातो. पॅराबोलिक प्रकारात पाटे मोजकेच असतात. प्रत्येक पाटा मध्यभागी जाड आणि टोकांकडे निमुळता होत जातो. पाटे एकमेकांना केवळ मध्यभागी व टोकांशी टेकतात. त्यामुळे घर्षण घटते, तसेच ताण पाट्याच्या संपूर्ण लांबीवर सारखा विभागला जातो.

घर्षण कमी झाल्याने उसळी रोखण्याचे काम मात्र पूर्णपणे शॉकअॅब्सॉर्बरवर येऊन पडते. म्हणून पाटे बदलून जुनेच शॉकअॅब्सॉर्बर ठेवणे ही अर्धवट सुधारणा ठरते.

पन्हळी रस्त्याची परीक्षा

कच्च्या रस्त्यांवर वाहनांच्या वर्दळीने पन्हळी पत्र्यासारखे उंचवटे तयार होतात. दोन उंचवट्यांतील अंतर ७५ सेंटिमीटर आणि वेग ताशी ८० किलोमीटर धरला, तर चाकाला सेकंदाला सुमारे ३० धक्के बसतात. शॉकअॅब्सॉर्बर ही हालचाल तेलाच्या साह्याने उष्णतेत रूपांतरित करतो. तासन् तास असेच चालल्यास तेल तापून पातळ होते, काही वेळा त्याला फेस येतो आणि पकड सुटते. म्हणून अशा ट्रकसाठी मोठ्या व्यासाचे, वायूदाबाचे आणि शक्यतो तेलाची स्वतंत्र कुपी असलेले शॉकअॅब्सॉर्बर निवडले जातात. टायरमधील हवा कमी करणे आणि वेग आवरणे हे बिनखर्चाचे उपायही तितकेच परिणामकारक आहेत.

मागची बाजू खाली बसलेली दिसली, की पाट्यांच्या जोडीला हवेच्या पिशव्या बसविण्याचा सोपा मार्ग अनेकांना मोहवतो. त्याने उंची सावरते, पण भार चासीच्या एकाच बिंदूवर एकवटतो. आधीच जादा भरलेल्या वाहनात त्याच ठिकाणी चासी वाकण्याचा धोका असतो.

क्षमता वाढते का?

जाड पाटे बसविले की ट्रक अधिक वजन वाहू शकतो, हा सर्वाधिक धोकादायक गैरसमज होय. ट्रकची एकूण भारक्षमता ब्रेक, अॅक्सल, चाके, टायर आणि चासी या सर्वांवर मिळून ठरते. ऑस्ट्रेलियात साधारण मोटारीच्या परवान्यावर साडेचार टनांपर्यंतच्या एकूण भाराचे वाहन चालविता येते. त्याहून जड वाहनांतील बदलांसाठी ‘व्हीएसबी ६’ ही राष्ट्रीय संहिता आहे. मान्यतेविना केलेले बदल अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचणीचे ठरू शकतात.

उंची वाढविली की इतर बाबीही बदलतात. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात आणि गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर वाहन अधिक कलते. काही ट्रकमध्ये मागच्या अॅक्सलच्या उंचीवरून भार ओळखून ब्रेकचा दाब ठरविणारी झडप असते. उंची बदलताच तिचा अंदाज चुकतो, म्हणून ती नव्याने जुळवावी लागते.

कामाचा क्रम

सुरुवात वजनकाट्यावर व्हावी. पाणी, इंधन, अन्न, स्टेपनी आणि प्रवासी यांसह प्रवासाला निघण्याच्या स्थितीत ट्रकचे वजन करावे. पुढच्या व मागच्या अॅक्सलचा, तसेच शक्य असल्यास प्रत्येक चाकावरील भार स्वतंत्रपणे मोजावा. पाण्याची टाकी वा स्वयंपाकघर एकाच अंगाला असल्यास डाव्या-उजव्या बाजूंत फरक पडतो. वजन मर्यादेबाहेर असेल, तर आधी सामान कमी करावे. त्यानंतर हेच आकडे पाटे बनविणाऱ्याला द्यावेत आणि त्या पाट्यांना जुळणारे शॉकअॅब्सॉर्बर निवडावेत.

पाटे बसविल्यानंतर पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळणे आवश्यक असते. ते सैल राहिल्यास पाटे अॅक्सलवर हलू लागतात आणि मध्यबोल्टच्या छिद्रापाशी तडा जातो. ही तपासणी घराजवळ दहा मिनिटांत होते. किंबर्लीत तुटलेल्या पाट्याची दुरुस्ती मात्र टोइंगची वाट पाहण्यापासून सुरू होते.