तो मुद्दाम करत नाहीये!

सकाळची लोकल. समोर आईशेजारी बसलेला, डाउन सिंड्रोम असलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा सारखा घसा खाकरतोय. तुम्ही हेडफोन काढून बघता. आजूबाजूचेही बघतात. आई ओशाळते, 'गप्प बस ना रे' म्हणते. आवाज आणखी वाढतो.

असं का, माहितीये? २१व्या गुणसूत्राची जादा प्रत असली की डाउन सिंड्रोम होतो. अशा काही मुलांमध्ये 'टिक्स'ही दिसतात. डोळे मिचकावणं, खांदा उडवणं, नाक ओढणं, घसा खाकरणं. शिंक यावी तशी आतून ऊर्मी येते. थोडा वेळ दाबता येते, कायमची नाही. ताण, थकवा, उत्साह वाढला की टिक्सही वाढतात. आपल्या रोखलेल्या नजरा हाही ताणच!

अर्थात प्रत्येक आवाज म्हणजे टिक नव्हे. कुणी आनंदात हात फडफडवत आवाज काढतं, कुणी स्वतःशीच बोलतं. कधी ॲलर्जी किंवा अ‍ॅसिडिटी निघते. म्हणून 'डाउनमध्ये असं असतंच' म्हणून सोडून देऊ नका. घरात, शेजारी असं मूल असेल तर मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवायला सांगा. अचानक झटके आले, भान हरपलं, तर लगेच दवाखाना गाठा. ती फिट असू शकते.

आणि लोकलमधला तो मुलगा? हेडफोन परत लावा. नजरानजर झालीच तर साधं 'हाय' म्हणा. त्याच्या आईला पुढच्याच स्टेशनवर उतरावंसं वाटू नये, एवढं तर आपल्याला जमेल ना?