फुलकिडे, मिरचीवरील

(स्किर्टोथ्रिप्स). कीटक वर्गाच्या थायसॅनोप्टेरा गणातील थ्रिपिडी कुलात स्किर्टोथ्रिप्स या प्रजातीचा (निकट संबंध असलेल्या जातींच्या गटाचा) समावेश होतो. मुख्यत्वे उष्ण व उपोष्ण प्रदेशांत आढळणाऱ्या या प्रजातीत शंभरावर जाती आहेत. भारतातील शेतीच्या दृष्टीने त्यांपैकी स्किर्टोथ्रिप्स डॉर्सॅलिस ही जाती सर्वांत महत्त्वाची असून तिलाच मिरचीवरील फुलकिडे म्हणतात. हा कीटक जेमतेम एक मिमी. लांब असल्याने प्रथम नजरेस पडते ते त्याने केलेले नुकसान. कीटक सहसा दिसत नाही. केवळ नुकसानीच्या स्वरूपावरून किंवा कीटकाच्या रंगावरून केलेली ओळख पुष्कळदा चुकते आणि ओळख चुकली की उपायही चुकतो. त्यामुळे या प्रजातीचे वर्गीकरण हा केवळ संग्रहालयातील अभ्यासाचा विषय राहिलेला नाही.

बोकड्या विकृती व तिची कारणे : नांदेड जिल्ह्यातील, तेलंगणाच्या सीमेलगतचे धर्माबाद हे गाव लाल मिरचीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. मिरचीची पाने आकसून वेडीवाकडी झाली की त्या विकृतीला महाराष्ट्रात बोकड्या किंवा चुरडामुरडा म्हणतात. या एकाच नावाखाली तीन भिन्न कारणांचे परिणाम एकत्र येतात. फुलकिड्यांनी कोवळ्या पानांतील रस शोषल्यास पानांच्या कडा वरच्या बाजूस वळतात व पान होडीसारखे दिसते. कोळी (माइट) या आठ पायांच्या अतिसूक्ष्म प्राण्यांमुळे कडा खालच्या बाजूस वळतात आणि पानाचा देठ लांबट होतो. पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या विषाणूमुळे पाने लहान राहून सुरकुततात व झाड खुजे राहते. शेतात ही कारणे अनेकदा एकाच वेळी उपस्थित असल्याने लक्षणे परस्परांत मिसळतात. कोळी हे कीटक नसल्याने त्यांच्यावर परिणामकारक ठरणारी सर्वच द्रव्ये फुलकिड्यांवर चालत नाहीत. विषाणूग्रस्त झाड तर कोणत्याही कीटकनाशकाने बरे होत नाही.

नाव व वर्गीकरणाचा इतिहास : ‘थ्रिप्स’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ लाकूड पोखरणारा किडा असा आहे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये थ्रिप्स ही प्रजाती आपल्या वर्गीकरणात घातली. पंखांच्या कडांना लांब केसांची झालर असल्याने ए. एच. हॅलिडे यांनी १८३६ मध्ये या कीटकांच्या गणास थायसॅनोप्टेरा (झालरपंखी) हे नाव दिले. स्किर्टोथ्रिप्स ही प्रजाती अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ ए. एफ. शल यांनी १९०९ मध्ये स्थापन केली. नावाचा पूर्वार्ध ‘उड्या मारणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे.

डॉर्सॅलिस या जातीचे वर्णन जे. डी. हूड यांनी १९१९ मध्ये केले. त्यासाठी वापरलेले नमुने दक्षिण भारतातील कोईमतूर येथे मिरची व एरंडी या पिकांवर मिळाले होते. त्याच वर्षी आर. एस. बॅग्नॉल यांनी याच कीटकाचे वर्णन हीलिओथ्रिप्स मिन्युटिसिमस या नावाने केले. पुढे १९२५ मध्ये एच. एच. कार्नी यांनी त्याला ॲनाफोथ्रिप्स या प्रजातीत नव्या जातीचे नाव दिले आणि १९२७ मध्ये ए. ए. जिरॉल्ट यांनी ऑस्ट्रेलियातील नमुन्यांवरून आणखी एक नाव दिले. ही सर्व नावे एकाच कीटकाची असल्याचे नंतरच्या तुलनात्मक अभ्यासात दिसून आले व हूड यांचे नाव ग्राह्य ठरले. भारतातील फुलकिड्यांच्या अभ्यासाचा पाया टी. व्ही. रामकृष्ण अय्यर यांनी घातला. पुढे टी. एन्. अनंतकृष्णन (१९२५–२०१५) यांनी तो पुष्कळ विस्तारला.

शरीररचना : शरीर सडपातळ व फिकट पिवळे असते. मुखांगे असममित असून फक्त डावा जंभ (जबडा) विकसित झालेला असतो. उजवा लुप्त असतो. डाव्या जंभाने पेशीला छिद्र पाडून सुईसारख्या दुसऱ्या अंगांनी रस शोषला जातो. पायांच्या टोकाशी फुगणारी लहान पिशवी असते. तिच्या साहाय्याने कीटक गुळगुळीत पानावर चालू शकतो. पंखांच्या दोन जोड्या अरुंद व झालरयुक्त असून विश्रांतीच्या वेळी त्या पाठीवर मिटलेल्या असतात.

प्रजातीची ओळख : निश्चित ओळखीसाठी प्रौढ कीटक आवश्यक असतो, डिंभ (अंड्यातून बाहेर पडलेली पंखहीन, खाणारी अवस्था) पुरेसा नसतो. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकून खाली पडलेले कीटक बारीक कुंचल्याने उचलून अल्कोहॉलात ठेवतात. त्यांतील काहींवर सौम्य क्षाराची (अल्कलीची) प्रक्रिया करून शरीरातील मऊ भाग काढून टाकतात आणि उरलेले कवच कॅनडा बाल्समात बसवून काचपट्टी तयार करतात. सुमारे चारशे पट विवर्धन करणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली पुढील लक्षणे पाहतात : (१) शृंगिका आठ खंडांची असून तिच्या तिसऱ्या व चौथ्या खंडांवर दुभागलेले संवेदी शंकू असतात; (२) डोक्यावरील तीन साध्या डोळ्यांच्या परिसरात दृढरोमांच्या (जाड केसांच्या) तीन जोड्या असतात; (३) अग्रवक्षाच्या पाठीवर दाट आडव्या रेषा असतात; (४) उदराच्या पृष्ठपट्टांच्या दोन्ही बाजूंस सूक्ष्मरोमांच्या ओळी असतात. यांपैकी शेवटचे लक्षण विशेष उपयुक्त आहे. डॉर्सॅलिस जातीत पृष्ठपट्टांच्या मध्यभागी तपकिरी डाग व पुढच्या कडेजवळ गडद रेषा दिसते. ‘डॉर्सॅलिस’ या शब्दाचा अर्थ ‘पाठीसंबंधीचा’ असा आहे.

साधर्म्य असलेले कीटक : मिरचीवर थ्रिप्स प्रजातीतील जातीही आढळतात. या प्रजातीत साध्या डोळ्यांच्या पुढील दृढरोमांची जोडी नसते आणि पाचव्या ते आठव्या पृष्ठपट्टांच्या बाजूंवर सूक्ष्म कंगव्यांसारखी जोडरचना असते. कार्नी यांनी १९२२ मध्ये थायलंडमधून वर्णिलेली थ्रिप्स पार्व्हिस्पायनस ही जाती भारतात प्रथम २०१५ मध्ये बंगळूर येथे पपईवर नोंदली गेली. २०२१-२२ च्या हंगामात आंध्र प्रदेश व तेलंगणा या राज्यांतील मिरचीवर तिचा मोठा उद्रेक झाला. धर्माबादचा परिसर तेलंगणाला लागूनच असल्याने तेथील मिरची उत्पादकांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. डॉर्सॅलिस मुख्यत्वे कोवळ्या पानांवर उपजीविका करते, तर पार्व्हिस्पायनस मोठ्या संख्येने फुलांत राहते. परिणामी फुले गळतात व फळधारणा कमी होते. पार्व्हिस्पायनसची मादी काळपट तपकिरी असते, म्हणून शेतकरी या जातीस काळे फुलकिडे म्हणतात. मात्र तिचा नर पिवळा असतो आणि डिंभही फिकट असतात. म्हणून ‘पिवळा तो जुना, काळा तो नवा’ असा ठोकताळा बांधणे धोक्याचे आहे. शृंगिकेचे सात खंड व वर उल्लेखिलेले कंगवे पाहिल्यावरच शंका दूर होते.

जातिसंकुल : सूक्ष्मदर्शकाच्या मदतीलाही मर्यादा आहे. कलकणूंतील (मायटोकॉन्ड्रियांतील) व केंद्रकातील डीएनएच्या तुलनेवरून २०१५ मध्ये असे दाखविण्यात आले की, डॉर्सॅलिस या एका नावाखाली बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या निदान नऊ जाती दडलेल्या आहेत. त्यांची पोषक वनस्पतींची निवड व प्रसाराची क्षमता एकसारखी असेलच असे नाही. हा कीटक २००३ मध्ये कॅरिबियन समुद्रातील सेंट व्हिन्सेंट बेटावर आणि २००५ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात पोहोचला. असा नवा प्रादुर्भाव नेमका कोणत्या प्रदेशातून आला हे ठरविण्यासाठी अशी तुलना उपयोगी पडते.

जीवनक्रम व नियंत्रण : मादी अंडनिक्षेपकाने पानाच्या ऊतीत अंडी घालते. डिंभाच्या दोन अवस्थांनंतर पूर्वकोश व कोश या न खाणाऱ्या अवस्था पालापाचोळ्यात किंवा पानांच्या बेचक्यांत पार पडतात. जीवनक्रम सुमारे दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण होतो. अफलित अंड्यांपासून नर व फलित अंड्यांपासून माद्या निपजतात. त्यामुळे एकटी मादीही नवी वसाहत सुरू करू शकते. मिरचीखेरीज कापूस, भुईमूग, द्राक्ष, डाळिंब, आंबा, चहा इ. शंभराहून अधिक वनस्पतींवर ही जाती आढळते.

अंडी ऊतीत सुरक्षित असल्याने आणि पिढ्या जलद होत असल्याने एकाच कीटकनाशकाची वारंवार फवारणी केल्यास प्रतिकारक्षम वाण निर्माण होतात. ओरिअस या प्रजातीतील ढेकूण फुलकिड्यांना खातात. अनावश्यक फवारणीत तेही मरतात. म्हणून प्रथम कोवळे शेंडे व फुले तपासणे, चिकट सापळ्यांनी संख्येचा अंदाज घेणे आणि शंका असल्यास नमुने कृषी विद्यापीठात पाठविणे श्रेयस्कर असते. मराठवाड्यासाठी परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. वर्गीकरणविषयक निश्चितीचे काम बंगळूर येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोमध्ये चालते. नमुन्याबरोबर पिकाचे नाव, गाव, तारीख व कीटक पानावर होता की फुलात ही माहिती दिल्यास ओळख पटविणे सुलभ होते.