उडीमागचा हिशेब

टिटवाळ्यास महागणपतीच्या दर्शनासाठी येणाऱ्या भाविकांपैकी फार थोड्यांचे लक्ष काळू नदीकडे जाते. आणि गेलेच, तर उन्हाळ्यातील तिचे कृश पात्र पाहून, हीच नदी ऐन श्रावणात काठच्या सखल वस्तीत शिरते व माणसांना चीजवस्तू घेऊन माळ्यावर चढावयास लावते, या गोष्टीवर त्यांचा सहसा विश्वास बसत नाही. काळू, पुढच्या खडवली स्थानकाजवळून वाहणारी भातसा, आणि वांगणी-बदलापुराकडून येणारी उल्हास या तिन्ही नद्या सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचा पाऊस घेऊन येतात, आणि ते सारे पाणी एकत्र झाल्यावर त्याला समुद्राकडे जाण्यास उरते ती एक खाडीची वाट. भरतीची वेळ असली म्हणजे तीही अडते. 2019 च्या पावसाळ्यात या मुलखाने हा प्रकार आठवड्याच्या अंतराने दोनदा पाहिला. 27 जुलैस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून पडली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले; 4 ऑगस्टला खडवलीनजीकच्या जू-नांदखुरी गावास पाण्याचा वेढा पडला, तेव्हा राज्य शासनाच्या विनंतीवरून हवाई दलाचे एमआय-17 हेलिकॉप्टर आले आणि त्याने 58 माणसांची सुटका केली.

अशा प्रसंगी वर्तमानपत्रांतून धैर्याची वाखाणणी होते आणि ती यथोचितच असते. परंतु त्या धैर्याच्या पाठीशी जे गणित उभे असते त्याची दखल क्वचितच घेतली जाते, आणि ते गणित जाणून घेतल्यावाचून त्या धैर्याचे खरे मोलही कळत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हेलिकॉप्टर एका जागी अधांतरी उभे राहते तेव्हा पाहणाऱ्याला वाटते की ते विसावा घेत आहे. वस्तुतः त्या वेळी त्याच्या एंजिनांना मध्यम वेगाने सरळ उडण्यापेक्षा अधिक शक्ती खर्चावी लागते. एमआय-17 च्या मुख्य पंख्याचा व्यास सुमारे 21 मीटर, म्हणजे तो जे वर्तुळ झाडतो त्याचे क्षेत्रफळ साडेतीनशे चौरस मीटरांच्या घरात जाते. अकरा टनांचे यंत्र हवेत तोलून धरावयाचे, तर या वर्तुळातून हवा अखंड खाली ढकलीत राहिले पाहिजे, आणि न्यूटनच्या नियमांप्रमाणे हिशेब मांडला असता पंख्याखाली काही अंतरावर त्या झोताचा वेग ताशी 80 किलोमीटरांच्या आसपास भरतो. घरांवरचे पत्रे उडवून लावण्यास एवढा वारा पुरेसा आहे. ज्यांना वाचवावयाचे तीच माणसे त्या छपरांवर बसलेली. म्हणून वैमानिक यंत्र उंच ठेवतो. पण उंची वाढली म्हणजे विंचचा दोर लांबतो, आणि 20 मीटर लांबीच्या दोराच्या टोकाला लोंबकळणारा माणूस एक पूर्ण झोका घेण्यास सुमारे 9 सेकंद लावतो, इतका तो झोका दीर्घ आणि आवरण्यास अवघड असतो. यात आणखी एक अडचण अशी की आपल्या यंत्राच्या थेट पोटाखाली काय आहे, हे वैमानिकास दिसत नाही. दाराशी ओणवा झालेला सहकारी जे सांगेल, ‘दोन मीटर पुढे, किंचित डावीकडे, स्थिर’, त्या बोलांवर विसंबून तो अकरा टनांचा भार हलवीत असतो. शिवाय इंधन किती भरावयाचे, हा प्रश्न उड्डाणापूर्वीच निकालात काढावा लागतो. अधिक भरावे तर माणसे कमी बसतात, कमी भरावे तर खेपा कमी होतात.

आता याच मुलखात घडलेल्या एका निराळ्या जातीच्या साहसाकडे पाहू. 17 एप्रिल 2021 रोजी वांगणी स्थानकात एका अंध मातेचे मूल फलाटावरून रुळांवर पडले, समोरून उद्यान एक्सप्रेस येत होती, आणि पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून गाडीच्याच दिशेने धावत सुटले. त्यांनी मूल फलाटावर चढविले, स्वतः वर चढले, आणि लगोलग गाडी निघून गेली. ताशी शंभर किलोमीटरांनी येणारी गाडी एका सेकंदात 28 मीटर अंतर कापते. अशा वेळी हिशेबाला अवसरच नसतो, जे घडते ते स्वभावातून घडते. स्वेच्छेने नाव नोंदवून, आठवडे किंवा महिने विचार करून, धोक्याचा प्रत्येक आकडा कागदावर पाहून जो संकटात उतरतो, त्याची परीक्षा वेगळी. ती अधिक मोठी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण विज्ञानाचा संबंध येतो तो तिच्याशी, आणि तिचे सर्वांत निर्भेळ उदाहरण पाहावयाचे तर अंतराळातच जावे लागते.

1984 च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा ज्या सॅल्यूत-7 स्थानकात आठवडाभर राहून आले, त्या स्थानकाचे पुढे काय झाले याची चौकशी आपल्याकडे फारशी कोणी केली नाही. 1985 च्या फेब्रुवारीत, त्यात कोणीही नसताना, ते एकाएकी मुके झाले. कारण मागाहून कळले, आणि ते एखाद्या दफ्तरातील बेफिकीर कारकुनाच्या एका खोट्या नोंदीने साऱ्या खजिन्याची वाताहत व्हावी तसे होते: बॅटऱ्या भरल्या की नाही हे सांगणारा एक संवेदक बिघडला आणि ‘भरल्या आहेत’ असेच सदैव सांगू लागला, त्यामुळे सूर्यपंखांपासून होणारा भरणा दर वेळी बंद पडत गेला, शिल्लक संपली, आणि वीस टनांच्या घरातले ते स्थानक थिजून पृथ्वीभोवती फिरत राहिले. त्यास पुन्हा चालते करण्याची कामगिरी व्लादिमिर जानिबेकॉव्ह आणि व्हिक्टर साविनिख या दोघांनी पत्करली, आणि 6 जून 1985 रोजी ते सोयूझ टी-13 मधून निघाले. तिसरे आसन काढून त्या जागी जादा पाणी व अन्न भरले होते.

पहिली अडचण पोहोचण्याची. जिवंत स्थानक आपल्या रेडिओने येणाऱ्या यानाला वाट दाखविते. मेलेले स्थानक काहीच सांगत नाही. त्यातून कक्षेतील गतीचे नियम सामान्य बुद्धीला उलटे वाटतील असे आहेत. पुढे असलेल्या स्थानकाला गाठण्यासाठी वेग वाढवावा, तर यान वरच्या कक्षेत चढते, तेथील प्रदक्षिणा लांबते, आणि यान उलट मागेच पडते. गाठावयाचे असेल तर आधी वेग कमी करून खालच्या, जलद कक्षेत उतरावे लागते. दोघेही सेकंदाला साडेसात किलोमीटरांहून अधिक वेगाने धावत असतात, आणि सांधा जुळविताना मात्र त्यांच्या वेगांतला फरक माणसाच्या चालीपेक्षा कमी असावा लागतो. ही मोट हाताने बांधण्याचा अनुभव असलेली माणसे सोविएत संघात मोजकीच होती, आणि जानिबेकॉव्ह त्यांपैकी एक. 1982 साली याच स्थानकाशी त्यांनी हाती सुकाणू घेऊन यान जोडले होते. आता खिडकीतून पाहावयाचे, हातातल्या लेसर-यंत्राने अंतर मोजावयाचे, सहकाऱ्याने आकडे वाचावयाचे, असा क्रम चालला. जवळ आल्यावर दिसले की स्थानकाचे सूर्यपंख एकमेकांस समांतर राहिलेले नाहीत. म्हणजे सूर्याचा माग घेणारी यंत्रणा बंद, म्हणजे आत वीज नाही. दार उघडण्यापूर्वीच निदान झाले. 8 जूनला सांधा जुळला.

आत काळोख, भिंतींवर दंव, आणि इतकी थंडी की, साविनिखांनी पुढे सांगितले त्याप्रमाणे, जमिनीवरील नियंत्रकांच्या सूचनेवरून त्यांनी थुंकून पाहिले तेव्हा थुंकी तीन सेकंदांत गोठली. परंतु थंडीहूनही कपटी असा एक शत्रू तेथे होता. पृथ्वीवर आपण सोडलेला उच्छ्वास उबदार म्हणून हलका होऊन वर निघून जातो व त्याची जागा ताजी हवा घेते. भारहीन अवस्थेत वर आणि खाली असे काही नसल्यामुळे हा व्यापारच थांबतो, आणि पंखे बंद असतील तर माणसाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्याच तोंडाभोवती साचून राहतो. डोके जड होते, विचार मंदावतो, आणि विचार मंदावला आहे हेही कळत नाही. म्हणून आरंभी एकाने काम करावयाचे आणि दुसऱ्याने सोयूझमध्ये थांबून त्याच्यावर नजर ठेवावयाची, अशी ताकीद होती. बरोबरचे पाणी जेमतेम आठ दिवसांचे. स्थानकातील पाणी होते, पण दगडासारखे गोठलेले. त्या मुदतीत वीज आली नाही तर परत फिरण्याखेरीज गत्यंतर नव्हते.

त्यांनी आठ बॅटऱ्यांपैकी सहा कामाच्या ठरविल्या, तारांची उघडी टोके हातांनी पिळून त्या थेट सूर्यपंखांशी जोडल्या, आणि मग आपल्या यानाच्या लहान रॉकेटांनी अवघे स्थानकच वळवून पंख सूर्यासमोर आणले. भरणा सुरू झाला. पुढे दिवे लागले, पाणी वितळले, आणि दंवाचे पाणी होऊन विजेच्या जोडण्यांत शिरू नये म्हणून हाती येईल त्या कापडाने ते पुसत बसण्याचे दीर्घ व कंटाळवाणे काम उरले. साहसकथांतून हा भाग गाळतात. आम्हांस तोच सर्वांत आवडतो.

याच्या उलट बाजूची कथा सर्वश्रुत आहे, पण तिच्यातील एक पान फारसे वाचले जात नाही. 16 जानेवारी 2003 रोजी कोलंबिया यान उडाले, 82 व्या सेकंदाच्या सुमारास बाहेरच्या टाकीवरील फोमचा पाऊण किलोचा तुकडा डाव्या पंखावर आदळला, आणि 1 फेब्रुवारीस परतताना यान मोडले. कल्पना चावला यांच्यासह सातही जण गेले. पंखाची छायाचित्रे घ्यावीत अशी मागणी अभियंत्यांनी मध्यंतरी केली होती. ती वरिष्ठांच्या दरबारात मुरली. अपघातानंतर चौकशी मंडळाने नासाला विचारले, की हानी वेळीच कळली असती तर काय करता आले असते? उत्तर मन हलविणारे आहे. अंतराळ स्थानकाचा आसरा घेणे अशक्य होते, कारण कोलंबियाच्या कक्षेचा विषुववृत्ताशी कोन 39 अंश व स्थानकाचा 51.6 अंश, एवढे प्रतल बदलण्यास सेकंदाला सुमारे 1,700 मीटर वेगबदल हवा, आणि यानाच्या कक्षीय एंजिनांची ऐपत होती 300 च्या आसपास. परंतु दुसऱ्या मोहिमेसाठी सिद्ध होत असलेले अटलांटिस अहोरात्र खपून 10 फेब्रुवारीपर्यंत उडविता आले असते. आणि कोलंबियातील हवा शुद्ध करणारी लिथियम हायड्रॉक्साइडची डबडी, हालचाल आवरून राहिल्यास, 15 फेब्रुवारीपर्यंत पुरली असती. मध्ये पाच दिवस. चार जणांचे पथक जाऊन, दोन याने समोरासमोर उभी करून, सातही जणांना अंतराळ-पोशाखातून टप्प्याटप्प्याने अलीकडे आणता आले असते.

यातील मेख अशी, की अटलांटिसच्या टाकीवरही तोच फोम होता. जो दोष सात जणांच्या जिवावर उठला, तो न सुधारता, जाणूनबुजून, चार माणसांना त्याच वाटेने पाठवावे लागले असते. अशी चार माणसे मिळाली नसती, असे अंतराळवीरांचा इतिहास जाणणारा कोणीही म्हणणार नाही. धैर्याचा दुष्काळ तेथे नव्हताच. ज्या एका छायाचित्रावरून त्या धैर्याला हाक घालता आली असती, ते घेण्यास मंजुरी मिळाली नाही.

पुढे नासाने हा धडा गिरविला. मे 2009 मध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीसाठी अटलांटिस गेले, तेव्हा शेजारच्या तळावर एंडेव्हर हे यान चार जणांच्या नेमलेल्या पथकासह केवळ सुटकेसाठी सज्ज ठेवले होते. त्याची गरज पडली नाही. 2024 मध्ये अंतराळ स्थानकात मुक्काम लांबलेल्या सुनीता विल्यम्स व बुच विल्मोर यांच्या परतीसाठी दोन आसने रिकामी हवी होती, तेव्हा मोहिमेवर जाण्यास सर्वस्वी तयार असलेल्या दोघींना आपल्या जागा सोडाव्या लागल्या. हाही एक त्यागच, पण त्याची गणना कोण करतो?

पृथ्वीनजीकच्या कक्षेत निदान सुटकेचे यान पाठविण्याचा विचार तरी करता येतो. मंगळाच्या वाटेवर तोही राहत नाही. तेथे जाण्याची सोयीस्कर वेळ सुमारे 26 महिन्यांनी एकदा येते, संदेशास एकेरी 3 ते 22 मिनिटे लागतात, आणि मधल्या काळात पृथ्वीवरून निघालेले कोणतेही यान वेळेवर पोहोचणार नाही. म्हणून तेथे सुटकेस जाणारी माणसे अपघातापूर्वीच, त्याच ताफ्यातून, निघालेली असावी लागतील. वेर्नर फॉन ब्राउन यांनी 1950 च्या दशकाच्या आरंभी मंगळ-मोहिमेचा जो पहिला तपशीलवार आराखडा प्रसिद्ध केला, त्यात 70 माणसांसाठी एक नव्हे, दहा याने धरली होती.