ब्रॅकेट आणि तार: घर्षणाच्या अभ्यासाचा मागोवा

दात तारेवरून सरकवताना लावलेल्या बळाचा काही भाग दातावर बसवलेला ब्रॅकेट आणि त्याच्या खाचेतून जाणारी तार यांच्यातील घर्षणात खर्ची पडतो. तो भरून काढण्यासाठी बळ वाढवले, तर आधाराच्या दाढाही पुढे ओढल्या जातात. म्हणूनच ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शास्त्रात, हा विषय महत्त्वाचा ठरला.

एडवर्ड अँगल यांनी १९२०च्या दशकात एजवाइज ब्रॅकेट आणला. त्याची आडवी खाच ०.०२२ × ०.०२८ इंचांची होती. या पद्धतीत पुढे फटी मिटवण्यासाठी तारेतच लूप घडवण्याची रीत रूढ झाली. तेव्हा ब्रॅकेट तारेवरून फारसा सरकत नसे आणि घर्षणाचा प्रश्नही मागे राहिला. १९७०च्या दशकात लॉरेन्स अँड्र्यूज यांनी दाताचा अपेक्षित कल ब्रॅकेटमध्येच बसवला. तार सरळ झाली, दात तिच्यावरून सरकवणे सोपे झाले आणि घर्षण चर्चेच्या केंद्रस्थानी आले.

सुरुवातीला भर पृष्ठभागावर होता. प्रयोगशाळेतील मोजमापांत स्टेनलेस स्टीलची जोडी सहज सरकणारी ठरली, तर लवचीक बीटा-टायटॅनियमची तार अधिक अडखळणारी. सिरॅमिक ब्रॅकेट दिसायला चांगले, पण त्यांच्यातही घर्षण जास्त आढळले; म्हणून काहींच्या खाचेत धातूचे अस्तर बसवण्यात आले.

१९९०च्या दशकात रॉबर्ट कुसी आणि जॉन व्हिटली यांनी सरकण्याला होणाऱ्या विरोधाचे तीन घटक वेगळे केले: साधे घर्षण, तार खाचेच्या कडांत अडकणे आणि तारेवर खाचा पडणे. बळ दाताच्या मुळाशी नव्हे, तर वर ब्रॅकेटवर लागते. त्यामुळे दात आधी कलतो. तार व खाच यांच्यातील कोन ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की अडकणेच प्रबळ होते आणि गुळगुळीतपणाचा उपयोग मर्यादित राहतो.

सेल्फ-लायगेटिंग ब्रॅकेटची कल्पना १९३०च्या दशकातली. तिला खरा प्रसार मिळाला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस. या ब्रॅकेटच्या खाचेवरील झाकणामुळे तार वेगळी बांधण्याची गरज संपली. बारीक तारेवर प्रयोगशाळेत घर्षण खूप घटले, परंतु रुग्णांवरील चाचण्यांत उपचाराचा काळ लक्षणीय कमी झाल्याचे सातत्याने दिसले नाही. झाकणामुळे तारेचे अडकणे टळत नाही. शिवाय दाताचा वेग मुळाभोवतीच्या हाडाच्या झिजण्या-भरण्यावरही अवलंबून असतो.

त्यामुळे आज घर्षण शून्यावर आणण्यापेक्षा ते हिशेबात धरण्यावर भर आहे. आधी दात एका पातळीत आणले जातात, मग ०.०२२ इंची खाचेत बहुधा ०.०१९ × ०.०२५ इंचांची स्टीलची तार घालून फट मिटवली जाते. आधार जपणे अत्यावश्यक असेल, तेथे हाडात मिनी-स्क्रू बसवतात.